कँडंट मिस्त्री

मिस्त्रींना इंग्रजी येत होतं, पण फक्त ए पासून डी पर्यंत.

ही थट्टा नाही. रे रोडच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश उचलला होता. मोडीत काढलेल्या कुठल्याशा बोटीवरचा असावा. पुठ्ठा गेलेला, पानांना खाऱ्या पाण्याचे डाग, आणि डीच्या मध्यावर पुस्तक संपलेलं. पुढचं कुणी बंब पेटवायला वापरलं असेल. मिस्त्री चौथी शिकलेले. अक्षर अक्षर जुळवत ते रोज एक शब्द वाचायचे आणि भट्टीशेजारच्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवायचे. दिवसभर तो शब्द वापरायचे, मग तो बसो वा न बसो.

मी तेव्हा त्याच कारखान्यात टायपिस्ट-क्लार्क होतो. गिरगावात वाढलेला, मॅट्रिक झालेला, टायपिंगचं सर्टिफिकेट असलेला आणि त्याचा पुष्कळ अभिमान बाळगणारा. कारखाना गोदीला लागून, जहाजांच्या दुरुस्तीचा. आमचं ऑफिस लाकडी जिन्यानं वर, आणि खाली लोहारशाळा. तिथले मिस्त्री हेच. मूळचे मालवणकडचे, राहायला परळच्या चाळीत. ठेंगणे, रुंद, भुवया कायमच्या जळालेल्या. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर सदा नुकतंच काही तरी नवल ऐकल्यासारखा भाव असे.

सकाळी मी जिन्याशी आलो की ते खालून ओरडायचे, "क्लार्कानू, ब्राइट डे!"

"गुड मॉर्निंग म्हणतात, मिस्त्री."

"ता जी मधला. माझ्या पुस्तकात नाय. माझ्या पुस्तकात नसलेला मी कसा बोलू? लोकांचा ऐकून बोलला तर उसना झाला."

चहा चांगला झाला तर ॲडिक्वेट. आवडला नाही तर डॅम्प. एखाद्या पोराचं काम कच्चं राहिलं तर "ब्रिटल आसा रे तुझा काम." बायकोला चाळीत सगळ्यांदेखत डिअर म्हणायचे, आणि ती माउली पदर तोंडाला लावून आत पळायची. ऑफिसातले आम्ही सगळे जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम खाली जायचो, पत्र्यावरचा शब्द वाचायला आणि हसायला. ते आमच्याबरोबर हसायचे. आम्ही त्यांना हसतोय हे त्यांना कळत नव्हतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

दिवस चळवळीचे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना आम्ही घोळक्यानं जायचो. चौपाटीला, शिवाजी पार्कला. घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचो. एकदा मिस्त्री आमच्याबरोबर मोर्चात आले आणि सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडले, "कंबाइंड महाराष्ट्र जालोच पायजे!" पुढच्या रांगेतला एक तरुण संतापून मागे वळला.

"अहो, मराठीचं राज्य मागतोय आपण. तिथं तरी इंग्रजी नको."

मिस्त्रींनी शांतपणे विचारलं, "संयुक्त ह्यो शब्द तुझ्या आजयेक ठावक होतो काय रे? माका पण नव्हतो. दोनय शब्द मी शिकलंय. मगे एक चालता, दुसरो कित्याक नाय?"

तो तरुण पुढे वळून पुन्हा घोषणा देऊ लागला. मला मात्र लाज वाटली. मिस्त्रींची. त्यांच्यापासून दोन माणसं सोडून मी चालू लागलो.

कँडंट हा शब्द त्यांना सी मध्ये सापडला तो दिवस मला आठवतो. ते स्वतः जिना चढून वर आले, जे ते कधी करत नसत, आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"क्लार्कानू, खाली येवा. तुमका एक वस्तू दाखवतंय."

खाली गेलो. भट्टीत एक जाड सळई होती. त्यांनी ती सांडशीनं अर्धी बाहेर काढली. लालभडक दिसत होती.

"ह्यां लाल. लाल म्हणजे काय? कुंकू लाल, जास्वंद लाल, गाजार लाल. लाल म्हटल्यान काय कळता?" सळई पुन्हा आत. भाता वाढवला. थोड्या वेळानं पुन्हा काढली, तेव्हा ती लाल राहिली नव्हती. पिवळ्याच्याही पुढे गेली होती, आणि तिच्यातूनच उजेड बाहेर पडत होता. लोहारशाळा तशी दिवसाही काळोखी. मिस्त्रींनी माझा हात धरून सळईपासून हातभर अंतरावर उताणा केला.

"रेषा दिसतंत?"

माझ्या तळहातावरची रेष न् रेष दिसत होती. चेहऱ्याला झळ लागत होती.

"ह्यां कँडंट. दुसऱ्याच्या उजेडान दिसता ता नुसता गरम. सोताच्या आचेन उजेड पाडता ता कँडंट. तीस वर्षां ह्यां माझ्या डोळ्यांसमोर आसा, आणि माका त्येचा नाव ठावक नव्हता. पुस्तकात होता बघा."

मी वर आलो आणि ऑफिसातल्या छोट्या डिक्शनरीत शब्द शोधला. नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, असा शब्दच नाही, तुमचं पुस्तक चुकलंय. ते म्हणाले, "तुमचा पुस्तक बारीक आसा." एवढंच. तेव्हापासून त्यांच्या पत्र्यावर रोजचा शब्द बदलायचा, पण वरच्या कोपऱ्यात हा एक कायम राहिला. आम्ही ऑफिसातल्यांनी त्यांचं नाव कँडंट मिस्त्री पाडलं. लोहारशाळेतली माणसं मात्र तो शब्द कामात वापरू लागली. "झाला काय कँडंट?" "अजून नाय." मिस्त्री हो म्हणाले की घण पडायचा.

त्यांच्या हाताखाली बाबी म्हणून घणवाला होता. मिस्त्रींच्याच गावचा, त्यांच्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहणारा. उंच, आडमाप, हसरा. मिस्त्रींनीच त्याला गावाहून आणून कामाला लावलं होतं आणि त्याचं लग्नही जमवलं होतं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

एका बोटीचा शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा लांब लोखंडी दांडा, दुरुस्तीला आला होता. बोट भरतीला सुटायची होती आणि वरून घाई चालली होती. आमच्याकडे छोटे साहेब म्हणून नवे इंजिनियर आले होते. हुशार, नीटनेटके, मराठी न येणारे. त्या दुपारी मी कामाचं कार्ड सहीला घेऊन खाली गेलो तेव्हा ते भट्टीशी उभे होते. शाफ्ट भट्टीतून काढायचा, क्रेनच्या साखळीत तोलायचा आणि वाफेच्या घणाखाली न्यायचा होता. मिस्त्री हात आडवा करून उभे होते.

"सायब, नाय. साखळी अडकवतास थंयपर्यंत शाफ्ट कँडंट आसा. साखळी मऊ पडतली. साखळी मागे घेवया, नायतर जरा थांबूया."

"क्या बोलता है?" साहेबांनी मला विचारलं.

मी सांगितलं. म्हणजे हिंदीत सांगितलं, की जिथे साखळी लावायची तिथपर्यंत लोखंड फार तापलंय, थांबायला पाहिजे म्हणतात.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "टाइम नहीं है. उठाओ."

मिस्त्री पुन्हा काही बोलले. साहेबांनी क्रेनवाल्याला वर हात केला. पलीकडे वाफेचा घण सुरू होता, त्याच्या आवाजात हे बोलणं आम्हा तिघांपलीकडे कुणालाही ऐकू गेलं नाही. शाफ्ट उचलला गेला. सात-आठ पावलं नीट गेला. मग साखळीची एक कडी लांबट झालेली मला दिसली, एखादी ओली वात ताणावी तशी. मिस्त्री ओरडत धावले. शाफ्ट खाली आला तेव्हा बाबी बाजूला उडी मारत होता, पण त्याचा डावा पाय मागे राहिला.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याला ओढून काढताना मिस्त्रींचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आणि चष्मा कुठे तरी पडून फुटला.

चार दिवसांनी मिस्त्रींचा जबाब घ्यायचा होता. तो इंग्रजीत लागायचा. हात फडक्यात गुंडाळलेले, असे ते वर माझ्या टेबलासमोर येऊन बसले. छोटे साहेब माझ्या पाठीमागे खिडकीशी उभे होते. मिस्त्री मालवणीत सांगत गेले, मी इंग्रजी करून टाइप करत गेलो. त्या वाक्यापाशी आले तेव्हा त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी तिथे होतो हे त्यांना माहीत होतं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. फक्त म्हणाले, "मी सायबाक सांगलंय, साखळीपर्यंत शाफ्ट कँडंट आसा. माझो शब्द तसोच घाला हां, क्लार्कानू. गरम घालू नका. गरम सगळाच असता."

मी टाइप करू लागलो. साहेब मागून वाकले. त्यांच्या कपड्यांना साबणाचा छान वास येत होता.

"कँडंट? ऐसा कोई वर्ड नहीं है," ते हळू आवाजात म्हणाले. "कंटेंट बोल रहा है वो. कंटेंट. ठीक से लिखो."

मला शब्द माहीत होता. त्याचा अर्थ माझ्या तळहातावर पडलेला मी पाहिला होता. शाफ्टपाशी तोच अर्थ मी माझ्या तोंडानं साहेबांना हिंदीत सांगितला होता, आणि तो मी सांगितला हे त्यांनाही आठवत होतं. त्यांनी मला धमकी दिली नाही. दिली असती तर आज निदान तेवढं तरी सांगायला माझ्याकडे असतं. माझी नोकरी त्या महिन्यात कायम व्हायची होती आणि तो कागद त्यांच्या सहीनं जाणार होता, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीही मनात आणलं नाही असं मला तेव्हा वाटलं. बोटं आपोआप चालली.

मी टाइप केलं ते असं: अप टु द चेन आय वॉज कंटेंट विथ द शाफ्ट. म्हणजे, साखळीपर्यंत शाफ्टबद्दल मी समाधानी होतो.

"वाचून दाखवा," मिस्त्री म्हणाले. "चष्मो नाय माझ्याकडे."

मी वाचलं. सगळं सावकाश वाचलं आणि ते वाक्य आलं तेव्हा भरभर. त्यातल्या त्या शब्दावर जीभ अशी जड ठेवली की तो कंटेंटही वाटावा आणि कँडंटही. मिस्त्री मान पुढे काढून ऐकत होते. बाकीच्या इंग्रजीशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ते फक्त आपला शब्द येण्याची वाट पाहत होते.

"इलो मां माझो शब्द?"

मी म्हणालो, "आला."

त्यांचा चेहरा खुलला. सरकारदरबारी जाणाऱ्या कागदावर त्यांचा शब्द चढला होता. फडक्यातल्या बोटांत कशीबशी लेखणी धरून त्यांनी सही केली.

पंधरा दिवसांनी मोठ्या साहेबांपुढे चौकशी झाली. युनियनतर्फे एक कार्यकर्ते आले होते, त्यांच्या आग्रहामुळे तो जबाब मराठीत करून वाचण्यात आला. वाचणारा ते वाक्य वाचून पुढे गेला, आणि मिस्त्री उभे राहिले.

"ह्यां माझा न्हय. समाधानी मी खंय म्हटलंय?"

"मग काय म्हटलं होतं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"कँडंट."

खोलीत बसलेल्या दोघा-तिघांना हसू आवरेना. शिपायाला पाठवून ऑफिसातली डिक्शनरी मागवली. तीच, छोटी. शब्द मिळाला नाही. मोठ्या साहेबांनी मला उभं केलं.

"तू टाइप केलंस. हा काय म्हणाला होता?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. आता क्लार्क सांगतील, आता झालंच, अशा खात्रीनं बघत होते. कोपऱ्यात युनियनचे कार्यकर्ते होते, ज्यांच्या सभेत आदल्याच रविवारी मी पहिल्या रांगेत बसून मराठी माणसाच्या नावानं टाळ्या पिटल्या होत्या.

मी म्हणालो, "जे सांगितलं तेच मी टाइप केलं."

मिस्त्री खाली बसले.

त्यांना कामावरून काढलं. माझी नोकरी कायम झाली. छोट्या साहेबांनी माझ्याशी त्या गोष्टीचा पुन्हा एकदाही उल्लेख केला नाही. फक्त मला पाहिलं की त्यांची मान किंचित वळायची. सगळ्यांत वाईट झालं ते परळला. लोहारशाळेतल्या माणसांनी मला विचारलं होतं, कागदावर खरंच तसं आहे का? मी हो म्हणालो होतो. ते चाळीत पोचलं. मिस्त्रींनीच शाफ्ट बरा आहे म्हणून सांगितलं आणि बाबीचा पाय गेला, असं ठरलं. बाबीच्या बायकोनं मिस्त्रींच्या घरी येणं-जाणं बंद केलं. नळावर मिस्त्रींची बायको आली की ती हंडा तसाच टाकून निघून जायची. हे मला कारखान्यातच कुणी तरी सांगितलं, मी चहा पीत असताना. मी चहा संपवला.

वर्षं गेली. महाराष्ट्र झाला. त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले, मीही वाटले. मग मी तो कारखाना सोडून फोर्टमधल्या एका कचेरीत लागलो. तिथे आमच्या हेडक्लार्कांच्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी कोश होता. एका दुपारी मी तो काढला. खरं तर दुसरंच काही शोधत होतो, पण सी चं पान उघडलं आणि बोट खाली उतरत गेलं. होता. शब्द होता. जुन्या वापरातला, अशी खूण होती, आणि अर्थ दिला होता: उष्णतेनं तेजाळलेला, प्रखर तापून प्रकाशणारा. मिस्त्रींनी मला सांगितलेल्यापेक्षा एक अक्षर जास्त नव्हतं.

असा शब्दच नाही, या एका वाक्यावर मी इतकी वर्षं उभा होतो, हे मला तेव्हा कळलं. तेही पूर्ण खरं नाही. मला माहीत होतं. फक्त आता नाही म्हणता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी परळला गेलो. मिस्त्री दारातच बसले होते, गॅलरीत, कठड्याला पाठ लावून. ते एका लहानशा वर्कशॉपमध्ये खिडक्यांचे गज वळवायला जात, असं ऐकलं होतं. हातांवरची कातडी गुळगुळीत आणि गुलाबी झाली होती. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"येवा," ते म्हणाले. "बसा."

मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. साहेब मागून काय म्हणाले ते, मी कसं वाचलं ते, चौकशीत खोटं बोललो ते. कोशात शब्द सापडल्याचंही सांगितलं. बोलताना मला रडू येत होतं, आणि ते त्यांना दिसावं असंही वाटत होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शब्द सापडला म्हटल्यावर तरी त्यांचा चेहरा उजळेल, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"माका कित्याक सांगतंस?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला तू म्हटलं. "माका काय ठावक नाय ह्यातला? तिनय माणसांका सगळा ठावक होता. ज्येका ठावक नाय, तेका सांग."

त्यांनी हनुवटीनं गॅलरीच्या पलीकडे दाखवलं. दोन खोल्या सोडून एका दारात कुबडी टेकवून ठेवलेली होती.

"आज रविवार. बाबी घरात आसा. मी सांगलंय तर तो आयकाचो नाय. सात वर्षां माझ्याकडे बघूक नाय तो. तू सांग. जा."

मी म्हणालो, "हो. जातो."

त्यांनी आत वळून बायकोला हाक मारली. "अगो, चाय ठेव. चार कप ठेव. बाबी येतलो. तेची बायल पण येतली."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मग त्या दाराशी आल्या. हातात पातेलं तसंच. कधी माझ्याकडे, कधी नवऱ्याकडे बघत होत्या. पातेल्यात पाणी घ्यायला घाईनं आत गेल्या.

मी चालू लागलो. मधल्या दोन खोल्यांपुढे कुणी तरी पापड वाळत घातले होते, ते मी जपून ओलांडले. मागे वळून पाहिलं नाही, पण मिस्त्री उठून कठड्याशी उभे राहिल्याचं मला जाणवत होतं. बाबीच्या दाराला पडदा होता. आत रेडिओ चालू होता आणि एक पुरुष कुणा लहान मुलीला पाढे म्हणायला लावत होता. आवाज बाबीचा. तसाच मोठा, हसरा.

मी कडी वाजवली. पडदा बाजूला झाला. बाबीची बायको होती. तिनं मला ओळखलं नाही. ती मला कधी भेटलीच नव्हती.

"कोण होया?"

मी तोंड उघडलं. जे सांगायचं ते सगळं जुळवून तयार होतं. तिच्या खांद्यावरून मला बाबी दिसला. पाटावर बसलेला, लेंग्याचा डावा पाय दुमडून टाचणी लावलेली. त्यानं मान वर करून कोण आलंय ते पाहिलं, आणि माझ्या तोंडून आलं, "इथे... सावंत कुठे राहतात?"

"सावंत वरच्या माळ्यावर," ती म्हणाली. "जिन्यान जावा. सरळ."

"आभारी आहे," मी म्हणालो.

जिना तिच्या दाराशेजारीच होता. मी वरच्या माळ्यावर गेलो. तिथे एक म्हातारे गृहस्थ दाढी करत होते. त्यांनी विचारलं, कोण पाहिजे? मी तसाच पुढे गेलो. त्या गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक जिना होता, मागच्या गल्लीत उतरणारा. मी त्यानं खाली उतरलो.

खाली पोचल्यावर मी घड्याळ पाहिलं. मिस्त्रींच्या घरात तेवढ्या वेळात चहा उकळला असेल.